मदत हवी: घोड्यांच्या संघाचं सचिवपद सोडायचंय, पण वही कुणाच्या हातात देऊ?

कुमैत_घोडी

नमस्कार मंडळी. राहणार कोल्हापूर, नोकरी पतसंस्थेत, घरी एक भीमथडी घोडी. जिल्ह्यातल्या भीमथडी पाळणाऱ्यांचा आमचा छोटा नोंदणीकृत संघ आहे, त्याचा मी सहा वर्षं सचिव. सचिव म्हणजे सभेची नोटीस मी, पावती पुस्तक मी, आजारी घोड्यासाठी रात्री अकराला डॉक्टर शोधणारा मी, आणि वरातीला घोडी नाचवायला मिळेल का असं विचारणाऱ्यांना नाही म्हणणाराही मीच. येत्या सभेत पद सोडायचं ठरवलंय. बायकोला सांगितलं तर म्हणाली, हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ज्या तट्टांचं नाव आपण शाळेत गाण्यात घेतो तीच ही. मारवाडी घोड्यांसारखे आत वळलेले कान नाहीत, उंची नाही, त्यामुळं अकलूजच्या घोडेबाजारात यांच्याकडं कोण वळून बघत नाही. पण धनगराचं बिऱ्हाड, भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरं, वर एखादं पोर, एवढं पाठीवर घेऊन हे जनावर माळावरनं दिवसभर चालतंय. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, देशातली घोड्यांची आठवी. तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्यानंतर संघात माणसं वाढली, काम करणारी नाही वाढली.

आमच्या अध्यक्षांच्या पागेत तीन मारवाडी आहेत, भीमथडी एकही नाही. माणूस वाईट नाही, खर्चाला हात आखडत नाही, पण फोटो झाला की गाडीत. कार्यकारिणीत सातजण, त्यातले पाच शहरातले. ज्यांची खरी घोडी आहेत ते धनगर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन फिरतीवर. मार्चमध्ये शाहूपुरीत हॉल घेऊन सभा लावली तर खुर्च्या चाळीस, माणसं नऊ.

आता मूळ अडचण. माझ्याकडं एक लाल कापडी बांधणीची खतावणी आहे. त्यात 112 जनावरं. रंग, पांढऱ्या खुणा, केसांचे भोवरे कुठं कुठं, दातावरून वय, खांद्याशी उंची, आई, बाप. बापाचा रकाना निम्म्या ठिकाणी नुसता 'वाड्यातला' एवढाच. ही वही म्हणजे संघ, बाकी सगळं लेटरहेड.

गेल्या हिवाळ्यात कागलकडं एका तोडलेल्या उसाच्या रानात खतासाठी बकरी बसवली होती, तिथं गेलो. वाड्यातल्या म्हाताऱ्यानं घोडी आणून उभी केली, मी टेप लावली. एकीकडं तो गळ्याखाली खाजवतोय, घोडी डोळे मिटून उभी. आकडा लिहिला, आईचं विचारलं, त्यानं तीन पिढ्या सांगितल्या, कुठली घोडी कुठल्या नदीकाठाला व्यायली ते सुद्धा. मग म्हणाला, "तू आलास म्हणून सांगितलं. दुसरा कोण आला तर न्हाई सांगणार." पूर्वी शहरातल्या एका हौशी गृहस्थानं त्यांच्याकडून शिंगरू स्वस्तात उचलून तिप्पट भावानं विकलं होतं. ते काय विसरलेत होय?

म्हणजे खुर्ची देता येईल, पण हा विश्वास कसा देऊ? आणि सचिव व्हायला कोणीच उभं राहिलं नाही तर नुसता राजीनामा देऊन मोकळं होता येतं का? वहीवर हक्क कुणाचा, माझा की संघाचा? अक्षर माझं, पेट्रोल माझं, म्हणून विचारतोय.

तालमीतला_जुना

पेठेतल्या तालमीचा नऊ वर्षं सचिव होतो, त्यामुळं हे दुखणं ओळखीचं. राजीनामा देऊन मोकळं होता येत नाही, आधीच सांगतो. सभेची रीतसर नोटीस, ठराव, नव्या माणसांची संमतीपत्रं, आणि बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खालचा बदल अर्ज, आपण चेंज रिपोर्ट म्हणतो तो. तो मंजूर होईपर्यंत त्यांच्या दप्तरी सचिव तुम्हीच. मी हे केलं नव्हतं. पद सोडून दोन वर्षं झाल्यावर हिशेबपत्रकं का दिली नाहीत म्हणून नोटीस माझ्याच घरी आली, ती पण वडिलांच्या हातात पडली. बँकेतली सही बदलायचं पण विसरू नका.

वही संघाची. पेट्रोलचं बिल लावा, पण वही संघाची.

टांगेवाल्याचा_नातू

सोडा की वो. आपण हाय म्हणून चाललंय असं सगळ्यांनाच वाटतंय. सोडल्यावर पंधरा दिवसांत कोणतरी बसतंय घोड्यावर.

रानातला_डॉक्टर

वरच्या भाऊंशी सहमत नाही. तालमीत माणूस गेला तरी तालीम जाग्यावर असते, इथं माणूस गेला की पिढ्यांची माहिती जाते. मी पशुवैद्यक आहे, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. 'कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), कपाळावर चांद, मागचा उजवा पाय पांढरा' अशी एका वाड्यात चार घोडी सापडतात. मायक्रोचिप बसवा. पंधरा आकडी नंबर असतो, मानेच्या डाव्या बाजूला सुईनं बसते, स्कॅनर लावला की नंबर दिसतो. तो नंबर वहीतल्या नोंदीपुढं लिहिला की वही कुणाच्याही हातात गेली तरी जनावराची अदलाबदल होत नाही.

आणि प्रत्येकाचे आयाळीचे वीस-पंचवीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, दमट होतात. केसाच्या मुळातून डीएनए निघतो. आज पैसे नसले तरी उद्या त्या 'वाड्यातला'चं नाव कळू शकेल. घोडी अकरा महिने गाभण असते, त्यामुळं नर कधी लावला याची तारीख लिहून ठेवली तरी निम्मं काम होतं.

बिरदेवाची_लेक

काका, मी धनगराची पोरगी, सध्या कोल्हापुरात बीएस्सीला. तुमची पोस्ट दोनदा वाचली. राग मानू नका, पण सभा तुम्ही तुमच्या सोयीनं घेताय. मार्चमध्ये आमची माणसं कुठं असतात? दिवाळीच्या आधी पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला सगळे येतात, भंडारा उधळायला कर्नाटकातनं सुद्धा येतात. तिथंच एक दिवस धरा. हॉल नको, खुर्च्या नकोत. झाडाखाली घोंगडं टाका.

दुसरं, त्या आजोबांनी 'दुसरा कोण आला तर' म्हटलं ते शहरातल्या दुसऱ्याबद्दल. त्यांच्याच नातवानं विचारलं तर सांगणार नाहीत का? आमच्या वाड्यागणिक बारावी झालेलं एकतरी पोर आहे, हातात मोबाईल आहे. तुम्ही त्यांना कधी विचारलंय? सातातले पाच शहरातले, हे तुम्हीच लिहिलंय.

माझ्या आज्जीला आमच्या घोडीच्या पाच पिढ्या पाठ आहेत. तुमच्या वहीत आमची घोडी आहे का तेही बघा.

तालमीतला_जुना

पोरीनं एका दमात सोडवलं. फक्त यात्रेत सभा घ्यायची तर संघाच्या घटनेत सभेची मुदत आणि नोटिसीचे दिवस काय लिहिलेत ते आधी बघा, नाहीतर कोणतरी हरकत घेतंय. गणपूर्तीचं पण बघा.

कुमैत_घोडी

सगळ्यांचे आभार. टांगेवाल्या भावा, तुझं पण.

बिरदेवाची लेक, नाही विचारलं. सहा वर्षांत एकदाही नाही. पोरं घोडी धरून बाजूला उभी असायची आणि मी म्हाताऱ्याशी बोलत असायचो. घटना काढून बघितली, सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची आहे, म्हणजे यात्रेत घ्यायला आधी ती दुरुस्त करावी लागेल. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "मला या पदातून सोडलंस तरी चालेल." हे त्यांच्या मनात कधीपासून होतं कोण जाणे.

काल रात्री वहीचे फोटो काढायला बसलो. 34 पानं झाली. पान 19 वर भंडारा सांडून दोन ओळी पिवळ्या झाल्यात, एका घोडीच्या आईचं नाव लागत नाही. त्या कागलकडच्या म्हाताऱ्याचा वाडा सध्या निपाणीच्या बाजूला आहे असं कळलं. रविवारी जातोय, या वेळी नातवाला विचारणार. तुमची घोडी वहीत नाही, आज्जी कधी भेटतील ते कळवा.