जॅगरचे सैनिक आणि व्याख्यानात राहून गेलेलं

ब्रिटिश शिल्पकार जॅगरवरच्या व्याख्यानाचा वृत्तांत आवडला. फक्त 'जॅगरने युद्धवीरांचा गौरव केला' हे वक्त्यांचं वाक्य मला अर्धवट वाटतं. चार्ल्स सार्जंट जॅगर हा मुळात धातूवर नक्षी कोरणारा कारागीर. १९१४ साली रोममध्ये शिल्पकला शिकायची शिष्यवृत्ती मिळाली, ती सोडून तो पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला. १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत जखमी झाला, पुढे १९१८ मध्ये पुन्हा. म्हणजे चिखल आणि प्रेतं त्याने स्वतः पाहिलेली. म्हणूनच लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरचं तोफखान्याचं स्मारक (१९२५) इतकं अंगावर येतं. वर दगडात कोरलेली अवाढव्य हॉवित्झर तोफ, खाली ब्राँझचे चार सैनिक, आणि त्यातला एक मेलेला! अंगावर ओव्हरकोट टाकलेला, चेहरा झाकलेला. विजयी पंखवाल्या देवता बघायची सवय झालेल्या लोकांना ते पचलं नाही, टीकाही भरपूर झाली.

मला मात्र लंडनच्याच पॅडिंग्टन रेल्वे स्टेशनातला त्याचा सैनिक जास्त जवळचा. हे युद्धात मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं १९२२ चं स्मारक. खांद्यावर कोट, गळ्यात मफलर आणि हातात पत्र. ना बंदूक रोखलेली, ना छाती काढलेली. २०१४ मध्ये लोकांना या सैनिकाला पत्र लिहायला सांगितलं, तर २१ हजारांहून जास्त आली.

जाता जाता: इंडिया गेटजवळच्या छत्रीत पूर्वी असलेला पंचम जॉर्जचा पुतळाही जॅगरचाच. तो आता दिल्लीच्या कोरोनेशन पार्कात उभा आहे. पण त्यात पॅडिंग्टनचा जीव नाही, हे माझं वैयक्तिक मत.