मदत हवी आहे : ब्राउन शुगर डिटॉक्सनंतर नालट्रेक्सोन (नशेचा असर रोखणारी गोळी) कधी?

धाकटा भाऊ, वय २७, ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉईन) ओढायचा. सुई कधीच नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे भरती आहे. शेवटच्या नशेनंतर सहाच तासांत, म्हणजे फार लवकर, ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉईनच्याच गटातलं, तलफ आणि त्रास कमी करणारं औषध) दिलं गेलं, म्हणून उलट्या-जुलाब एकदम उसळले. दुसऱ्या दिवशी २ मिग्रॅपासून पुन्हा सुरू केलं, ८ वर स्थिरावला. आता डोस उतरवताहेत. दारू किंवा झोपेच्या गोळ्या नाहीत, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल.

पुढे नालट्रेक्सोन ५० मिग्रॅ ठरलंय. दोन्ही औषधांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचीच धास्ती वाटते, कारण शरीराची सवय मोडल्यावर जुनंच प्रमाण जीव घेऊ शकतं.

ब्युप्रेनॉर्फिन थांबल्यावर तुमच्याकडे किती दिवस थांबवलं, ७ की १४? आधी नालोक्सोन (अशा औषधांचा असर लगेच उतरवणारं औषध) देऊन शरीरात अंश उरलाय का ते तपासलं का? की ब्युप्रेनॉर्फिनच दीर्घकाळ चालू ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं?