उत्तर ध्रुवाचा रस्ता उघडला म्हणे! द्राक्षवाल्यांनी टाळ्या वाजवायच्या का?

द्राक्षबाग_दिंडोरी (धागाकर्ता)
परवा पिंपळगावला लग्नाच्या पंगतीत एका पाहुण्याने मोबाइल पुढे केला. 'आर्क्टिकचा बर्फ वितळला, युरोप आता निम्म्या दिवसांत, नाशिकच्या द्राक्षांची चांदी.' चार जणांनी लगेच माना डोलावल्या. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि आपला माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. तेव्हापासून नवा रस्ता म्हटलं की आपले कान टवकारतात, त्यात नवल नाही.

घरी येऊन पोरीच्या पृथ्वीगोलावर दोरा लावला, मग आकडे शोधले. न्हावा शेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण साडेसहा हजार सागरी मैल. केपला वळसा घातला तर साडेदहा हजारांच्या आसपास. आणि मलाक्का, जपान, बेरिंगची सामुद्रधुनी करत रशियाच्या डोक्यावरून गेलं तर बारा हजारांच्याही वर! तो रस्ता जपान-कोरियाला जवळचा, आपल्याला नाही. शिवाय आपला हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि मार्चमध्ये तिथला बर्फ वर्षात सगळ्यात जास्त पसरलेला असतो. जहाजांची खरी वर्दळ जुलै ते नोव्हेंबर. तेव्हा आपल्या वेलीवर विकण्यासारखं काय असतं?

म्हणजे फायदा शून्य. पण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. १ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्रुवीय संहिता लागू आहे. जहाज कसं बांधलेलं असावं, खलाशांचं प्रशिक्षण, तेल-सांडपाणी-कचरा समुद्रात टाकण्यावर बंधनं, सगळं त्यात आहे. माझं मत असं की जिथे अपघात झाला तर मदतीला कोणी लवकर पोचणार नाही, तिथे नियम आधी आणि माल नंतर. भारताने या बाबतीत कडक बाजू घ्यावी. बोला.

निफाडचा_गारठा
असहमत. तुमचा दोरा बरोबर, निष्कर्ष चूक.

२०१० विसरलात? वेलीची वाढ रोखायला मारतात त्या क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडवली. माझ्या चुलत्यांचे दोन कंटेनर त्यात होते. ज्या निर्यातदाराने माल उचलला होता त्याने नंतर फोन उचलला नाही. आदल्या वर्षीपर्यंत तेच औषध, त्याच बागा, कोणी हूं की चूं केलं नव्हतं. श्रीमंतांचे नियम असेच असतात. शंभर वर्षं त्यांनी कोळसा आणि तेल जाळून बर्फ वितळवला, आणि आता आपली वेळ आली तर म्हणे जपून चला.

आणि रस्ता फक्त द्राक्षांचा नाही. चेन्नई ते रशियाचं व्लादिवोस्तोक बंदर असा मार्ग आहे, रशियाचं कच्चं तेल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत उत्तर सागरी मार्गावर, म्हणजे याच रशियाच्या डोक्यावरच्या रस्त्यावर, भारत-रशिया कार्यगटाची पहिली बैठक झाली, त्यात भारतीय खलाशांच्या ध्रुवीय प्रशिक्षणाचीही चर्चा होती. पोरांना नोकऱ्या मिळत असतील तर आपणच कशाला आडवं जायचं?

पंचवटीकर
गोदावरीत पानवेली आणि फेस. ते सोडून उत्तर ध्रुव? सिंहस्थ तोंडावर आलाय, राव.

इंजिनरूमकाका
इंदिरानगरात राहतो, तीस वर्षं जहाजांच्या इंजिनांत काढली. दोघांनाही थोडं सांगतो.

जड इंधन तेल म्हणजे रिफायनरीतून पेट्रोल-डिझेल काढून उरलेला गाळ. स्वस्त म्हणून जहाजं ते जाळतात. पण टाकीत ते गरम ठेवावं लागतं, नाहीतर पंपच होत नाही. इंजिनात सोडण्याआधी शंभर अंशांच्या वर नेतो, तेव्हा कुठे ते पातळ होतं. आता हे शून्याच्या पाण्यात सांडलं तर काय होईल? डांबर. ते बर्फाखाली सरकतं, बर्फात गोठतं आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडेच कुठेतरी बाहेर पडतं. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ खडकावर चढलं आणि सुमारे ३७ हजार टन कच्चं तेल सांडलं. तिथे तर समुद्र गोठलेला नव्हता, हजारो माणसं कामाला लागली, तरी बहुतेक तेल हाती आलंच नाही. पुढे कित्येक वर्षं किनाऱ्यावर दगड उचलला की खाली तेल.

जळलं तरी सुटका नाही. धुराड्यातली काजळी बर्फावर बसते, पांढरा बर्फ काळवंडतो, ऊन शोषतो आणि लवकर वितळतो.

माझा एक हिवाळा बाल्टिकमध्ये गेला. कंपनीचं नाव नको. जहाज बर्फासाठी बांधलेलं नव्हतं, पण भाडं मिळत होतं म्हणून पाठवलं. इंजिन थंड करायला तळातून समुद्राचं पाणी घेतो, ते जिथून आत येतं त्या कप्प्यात, सी-चेस्टमध्ये, बर्फाचा चिखल भरला. बाहेर उणे पंधरा आणि आत इंजिन तापलेलं! गरम पाणी उलटं फिरवून मोकळं करेपर्यंत आम्ही अंधारात नुसते तरंगत होतो. तिथे निदान बर्फ फोडणारं जहाज, आइसब्रेकर, जवळ होतं.

निफाडचा_गारठा
काका, अनुभवाला सलाम. पण मग बंदीच घाला की. घातली का? अंटार्क्टिकात ऑगस्ट २०११ पासून जड तेल पूर्ण बंद, वाहून न्यायलाही. आर्क्टिकमध्ये मात्र जुलै २०२४ ची बंदी आणि तिला जुलै २०२९ पर्यंत पळवाटा. इंधनटाकीला दुहेरी कवच असेल तर सूट, किनारी देशाने आपल्या झेंड्याच्या जहाजाला आपल्या पाण्यात दिली तर सूट. अंटार्क्टिकात कोणाचा धंदा नव्हता म्हणून कडक, इथे धंदा आहे म्हणून सैल. याच्यासाठी आपण झेंडा धरायचा?

द्राक्षबाग_दिंडोरी
गारठाभाऊ, पळवाटांबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्या बुजवा म्हणायचं की 'आम्हालाही द्या' म्हणायचं, एवढाच आपला वाद आहे.

२०१० मध्ये मीही पोळलो. नियम ऐनवेळी अंगावर आला ही चूक होतीच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यानंतर आपण अंश तपासणी मनावर घेतली, प्रत्येक प्लॉटची नोंद आली, आणि आज रॉटरडॅमचा खरेदीदार नाशिकचं नाव बघून पेटी उघडतो. तुमच्या चुलत्यांचं नुकसान भरून आलं नाही, हे मान्य. मात्र तपासणी नसती तर आज युरोपला माल गेला असता का, हे त्यांनाच विचारा.

पंचवटीकर, गोदेतली पानवेल काढायला जेसीबी आणि होड्या आणता येतात, आणि त्या आणत नाहीत म्हणून आपण भांडतो. तिथे भांडायलाही कोणी नाही.

सायली_गंगापूररोड
माणसांचं कोणीच बोलत नाहीये. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकाजवळ 'एक्सप्लोरर' हे पर्यटक जहाज बर्फावर आदळून बुडालं. १५४ माणसं काही तास उघड्या बोटींमध्ये बसून होती. समुद्र शांत होता आणि दुसरं पर्यटक जहाज जवळपास होतं, म्हणून सगळे वाचले. आता संहितेत लिहिलंय की सुटकेला किमान पाच दिवस लागतील असं धरूनच तयारी ठेवा. पाच दिवस! आपण निफाडला पारा पाचवर आला की बागेत शेकोट्या पेटवतो.

पंचवटीकर
२००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसं गेली, मग गर्दीचे नियम आठवले. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये. आधी नियम कधी झालेत? (गोदावरीचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.)

निफाडचा_गारठा
नियम कागदावरच राहतात हाच माझा मुद्दा. २०२३ मध्ये बर्फासाठी न बांधलेल्या तेल टँकरनाही रशियाने त्या मार्गाचे परवाने दिले. कोणी काय केलं?

इंजिनरूमकाका
काही नाही केलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये केर्चच्या सामुद्रधुनीत जुने रशियन टँकर वादळात फुटले, तेव्हा काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर लोक फावड्यांनी जड तेल भरत होते. रस्ते होते, माणसं होती, फावडी होती. सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर यातलं काय आहे?

तुमचा राग नियम करणाऱ्यांवर आहे, तो योग्यच. पण जुन्या टँकरवर खाली इंजिनात कोण असतो बघा. जगातल्या खलाशांत आपली पोरं भरपूर. नियम सैल झाला की पहिला गारठतो तो आपलाच पोरगा.

निफाडचा_गारठा
हे मात्र लागलं. भाचा सेकंड इंजिनिअर आहे. एजंटने आर्क्टिकच्या जहाजाची ऑफर दिलीय, पगार दीडपट. ताई मला विचारतेय, मी तिला हो म्हणालोय. आता काय विचारायला सांगू?

इंजिनरूमकाका
ध्रुवीय जहाजाचं प्रमाणपत्र आहे का, त्यावर बर्फात किती चालेल याची अ, ब, क यांतली कोणती श्रेणी, किती उणे तापमानापर्यंत चालायला मान्यता. कप्तान आणि डेकच्या अधिकाऱ्यांनी ध्रुवीय प्रशिक्षण घेतलंय का. लाईफबोटी पूर्ण बंद आहेत का. इंजिनवाला आहे तर सी-चेस्टला गरम पाण्याची परतीची लाइन आहे का, हे आवर्जून विचार म्हणावं. एजंट 'जहाजावर गेल्यावर बघू' म्हणाला तर पगार तिप्पट असला तरी नको.

निफाडचा_गारठा
लिहून घेतलं. बाकी वाद कायम आहे, उद्या द्राक्षघड औषधात बुडवायचं डिपिंग उरकलं की येतो.