बोलेरो पिकअप घाटात ओढत नाही, ईजीआर बायपास किट बसवू का?

आंबाघाट_पिकअप:
नमस्कार मंडळी, घरची २०१८ ची बोलेरो पिकअप आहे, बीएस-४, पावणेदोन लाख किमी झालेत. रत्नागिरीवरून बर्फासकट मासळी भरून कोल्हापूरला जाते. हल्ली आंबा घाटात चढाला दमच राहत नाही, मागून काळा धूर, इंजिनची लाइट पेटते नि विझते, ॲव्हरेज पण पडलंय. फिटर म्हणतो ईजीआरला, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, पत्ती मारून तो बंद करू आणि सोबत किट लावू म्हणजे लाइट पण येणार नाही, एकदम पळेल. पासिंग जवळ आलंय म्हणून विचारतोय, करू का? गाडी बंद ठेवून चालत नाही, माल नासतो.

डिझेलवाला_सांगली:
भाऊ बिनधास्त मार. माझ्या गाडीला पत्ती मारून बरेच दिवस झाले, गाडी हलकी पळते आणि पीयूसी पण पास होते.

गॅरेज_कराड:
दादा थांबा, आधी ईजीआर काय करतो ते बघा. सायलेंसरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडतो, त्यामुळे आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी बनतात. पण हे कमी-मध्यम लोडला. घाटात तुम्ही पूर्ण रेस देता तेव्हा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह बंदच करतो, म्हणजे चांगला ईजीआर चढाला ताकद खात नाही. तुमचा बहुतेक काजळीने अर्धवट उघडा अडकलाय, म्हणून ताजी हवा कमी पडते नि काळा धूर येतो. पत्ती मारल्यावर "पळते" असं वाटतं ते त्यामुळेच, साफ केला तरी तेवढीच पळेल.

आधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचायला सांगा, अंदाजाने काही करू नका. मग एअर फिल्टर बघा, टर्बोपासून (हवा दाबून भरणारा पंप) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारे रबरी होज बघा, चीर पडली की प्रेशर गळतं आणि अगदी हीच लक्षणं दिसतात. ते ठीक असेल तर व्हॉल्व्ह खोलून कार्बन क्लीनरने साफ करा, पण व्हॉल्व्हच्या मोटरच्या आणि कनेक्टरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका, गॅस्केट नवीनच टाका. या किमीला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणारा पाइप) पण काजळी नि ऑइलचा थर असणार, तो तसाच ठेवलात तर काम अर्धं राहील. आणि मोटरच गेली असेल तर व्हॉल्व्ह बदलावा लागेल, तिथे साफसफाईने भागत नाही.

डिझेलवाला_सांगली:
पण पीयूसी पास होते ना, मग प्रदूषण कुठलं?

गॅरेज_कराड:
डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, बीएस-४ ला मर्यादा १.६२. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत आणि ईजीआर आहे तो नेमका त्यांच्यासाठी. डोळ्याला दिसत नाहीत पण दमेकऱ्याच्या छातीला कळतात, आपल्या गाडीमागे दुचाकीवर पोरं बसलेली असतात हो. बाकी कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद.

ह्यूस्टनकर:
इकडे अमेरिकेत डिझेल पिकअपवाल्यांत "डिलीट" चं भलतंच वेड होतं. इथल्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज काढला की साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांवर पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. आता किट विकणाऱ्यांवर मोठाले दंड बसलेत.

आंबाघाट_पिकअप:
लाइटवाल्या किटचं काय मग, तो तरी लावू का?

गॅरेज_कराड:
अजिबात नको. तो ईसीयूला खोटा सिग्नल देतो, उद्या खरा बिघाड झाला तरी लाइट पेटणार नाही आणि घाटात भरल्या गाडीला ते परवडत नाही. मासळीचा सीझन आहे तर रविवारी गाडी द्या, स्कॅन आणि सफाई एका दिवसात होते. कोड कुठला येतो तो इथे टाका, मग पुढचं बघू.