महत्त्वमापन, म्हणजे घनफळ-पृष्ठफळाचा धडा, दहावीतून काढायचं? का म्हणून?

कोनमापक: "महत्त्वमापनाचा धडा काढून टाका, शंकूखाली अर्धगोल चिकटवून कुणाचं पोट भरलंय," ही पोस्ट काल वाचली आणि राहवलं नाही. तसंच एक खेळणं घ्या, त्रिज्या ३ सेमी, शंकूची उंची ४ सेमी. घनफळ: शंकू १२π, अर्धगोल १८π, अख्खं खेळणं ३०π घनसेमी. नुसती बेरीज. पृष्ठफळ विचारलं की मात्र निम्मा वर्ग शंकूचा तळही धरतो. अरे, तो भाग जोडात गेला, त्याला रंग लागणारच नाही! घनफळात जोड आड येत नाही, पृष्ठफळात येतो. हे ज्याला कळलं त्याला धडा कळला.

दोन_मुलींचा_बाप: पोस्ट माझीच. तुम्हाला दिसतं ते माझ्या मुलीला कुणी दाखवलंच नाही. फळ्यावर सूत्र, खाली किमती, संपलं. शंकूछेदाचं, म्हणजे टोक कापलेल्या शंकूचं, सूत्र रात्री बारापर्यंत घोकत बसते. शिवाय क्लासच्या चाचणीत π ची किंमत दिली नव्हती, हिने २२/७ घेतली, तर मार्क कापला!

लाल_पेन: चूकच आहे ते. दिलेलं नसेल तर ३.१४ आणि २२/७ दोन्ही चालायला हवं. ३०π चे ३.१४ ने ९४.२ येतात, २२/७ ने ९४.२९. मी तपासताना पायऱ्या बघते. त्रिज्या ७, १४, २१ असली की २२/७ घ्यावं, छेद उडतो.

कोनमापक: उत्तर ३०π लिहा आणि थांबा. तेच अचूक.

लाल_पेन: थांबा काय? डेअरीत ३०π लिटर दूध कोण मोजून देतं? २२/७ खऱ्या किमतीपेक्षा जास्त, ३.१४ कमी. आर्यभटाने ३.१४१६ दिलं, तेही 'आसन्न', म्हणजे जवळपासचं, म्हणूनच. वर्गात साठ पोरं घेऊन उभे राहा, मग अचूकपणा शिकवा.

कोनमापक: साठ पोरांचं कारण सगळ्यालाच पुरतं का?

माणदेशी_रान: भांडा सावकाश. माझ्या शेततळ्यात π नव्हताच. वर ३० × ३० मीटर, खोली ३, उतार एकास एक, मीटरभर खाली गेलं की मीटरभर आत, म्हणजे तळ २४ × २४. जेसीबीवाल्याने सरळ ३० × ३० × ३ करून २७०० घनमीटरचं बिल लावलं. मी वहीच्या पानावर तळ्याचे तुकडे पाडले. मधला ठोकळा १७२८. चार बाजूंच्या पाचरी, एकेक १०८, मिळून ४३२. चार कोपरे ९-९ चे, ३६. एकूण २१९६. म्हणजे ५०४ घनमीटर माती उकरलीच नव्हती, तिचे पैसे मागत होता. तावातावाने भांडला, पण पान पुढे केल्यावर बिल उतरवलं. मला सूत्र एकही आठवत नव्हतं.

दोन_मुलींचा_बाप: बरं बाबा, शेततळ्याचं मानलं. पण सूत्र न आठवता तुमचं निभावलं, मग मुलीने का घोकायचं? परीक्षेत सूत्रांचा तक्ता द्या.

कोनमापक: तक्त्याला माझी हरकत नाही. धडा काढायला आहे.

लाल_पेन: तक्ता दिला की प्रश्न अवघड येतील. तेव्हा पहिली बोंब पालकच मारणार, सांगून ठेवते.

दोन_मुलींचा_बाप: मारू की! बाकी मुलगी विचारतेय, कोपरा ९ चा कसा? ३ × ३ × ३ चे २७ का नाहीत?

माणदेशी_रान: कोपरा वर ३ × ३ चा चौरस, खाली जाऊन टोक. टोकाला निमुळता होणारा आकार ठोकळ्याच्या एक तृतीयांश. तुझ्या शंकूच्या सूत्रातला १/३ तोच, ताई.