'स्टेट फेअर'ला जत्रा म्हणावं का?

विचारणा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दर वर्षी भरणाऱ्या मिनेसोटा स्टेट फेअरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक करायचं आहे. 'राज्य जत्रा', 'राज्य मेळा' आणि 'राज्यस्तरीय कृषी प्रदर्शन' असे तीन पर्याय समोर आहेत. यातला कोणता घ्यावा? ब्लू रिबन, हेफर, स्टिअर, मिडवे, चीज कर्ड्स यांचंही मराठी हवं आहे.

प्रतिसाद

'जत्रा' म्हणजे 'यात्रा'च. शब्द प्राकृतातून घासून आला. आपल्या जत्रेला देव लागतो, आणि हौशे, नवशे, गवशे असे तिन्ही लोक लागतात. स्टेट फेअरमध्ये हौशे उदंड, गवशेही असतात; नवशे मात्र नाहीत. इंग्रजी 'फेअर'च्या मुळाशीही सण आहे. लॅटिन 'फेरिया' म्हणजे सणाचा, सुटीचा दिवस. त्याचंच पोर्तुगीज रूप 'फेइरा', आणि गोव्यात फेस्ताला भरणारी 'फेरी' त्यावरूनच आली.

'स्टेट फेअर'चा उगम मात्र चर्चच्या सणात नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डला एल्काना वॉटसन यांनी १८०७ साली गावच्या चौकात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना बघायला ठेवल्या. पुढे १८१० पासून तिथे गुरांची प्रदर्शनं भरू लागली. चांगलं वाण शेजाऱ्याच्या डोळ्यांना दिसावं, त्याला बक्षीस मिळावं आणि ते पसरावं, हा हेतू होता. राज्याच्या पातळीवरचं पहिलं फेअर १८४१ साली न्यू यॉर्क राज्यात सिरॅक्यूजला भरलं. म्हणजे मूळ पशुप्रदर्शनाचं. पाळणे आणि खाऊ नंतर आले. आपल्याकडे जवळचं उदाहरण नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचं. तिथेही पशुप्रदर्शन असतं. पण तिथे आधी देव आहे आणि बाजार आहे.

प्रतिसाद

'राज्य' शब्दाने घोटाळा होईल, कारण वाचणाऱ्याला तो सरकारी कार्यक्रम वाटेल. मिनेसोटाचं फेअर 'मिनेसोटा स्टेट अॅग्रिकल्चरल सोसायटी' चालवते आणि १९४९ पासून त्याला सरकारी अनुदान नाही. तिकीट, गाळ्यांचं उत्पन्न आणि देणग्या यांवर ते चालतं. 'राज्यस्तरीय' तर नकोच, त्याला परिपत्रकाचा वास येतो.

इतिहास थोडक्यात द्यायचा तर एवढा पुरे: १८५८ साली मिनेसोटा राज्य झालं आणि १८५९ साली पहिलं स्टेट फेअर भरलं. जागेवरून मिनियापोलिस आणि सेंट पॉल यांच्यात बरीच वर्षं ओढाताण चालली. १८८५ मध्ये रॅम्झी काउंटीने दोन्ही शहरांच्या मधली, निराधारांना सांभाळण्यासाठी चालवलेल्या शेताची जमीन दिली आणि वाद मिटला. आज तिथेच, फॉल्कन हाइट्समध्ये, ३२२ एकरांवर ते भरतं. थिओडोर रूझवेल्ट यांनी 'बोलणं मवाळ ठेवा, हातात दांडका असू द्या' या अर्थाचं प्रसिद्ध वाक्य २ सप्टेंबर १९०१ रोजी इथल्याच व्यासपीठावरून उच्चारलं. तेव्हा ते उपाध्यक्ष होते. पुढच्या काही दिवसांतच अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळी झाडली गेली.

फेअर न भरल्याची वर्षंही जरूर द्या, त्यातून राज्याचा इतिहास कळतो. १८६१ आणि १८६२ ही यादवी युद्धाची आणि डकोटा लोकांबरोबरच्या युद्धाची वर्षं, १८९३ शिकागोच्या जागतिक प्रदर्शनामुळे, १९४५ इंधनटंचाईमुळे, १९४६ पोलिओमुळे, २०२० कोविडमुळे. फेअरमधल्या पाळण्यांच्या आणि खेळांच्या भागासाठीचा 'मिडवे' हा शब्द त्याच १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातल्या 'मिडवे प्लेझन्स' या पट्ट्यावरून रूढ झाला. मराठीत सरळ 'पाळणे' लिहा. 'क्रीडानगरी' वगैरे कोणी म्हणत नाही.

प्रतिसाद

जनावरांचे शब्द मात्र जपून वापरा, कारण मराठीत ते नेमके आहेत आणि भाषांतरात हमखास बिघडतात.

हेफर म्हणजे कालवड, 'गाय' नव्हे. स्टिअर म्हणजे मांसासाठी वाढवलेला खच्ची गोऱ्हा. त्याला 'बैल' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर औत येतं. बुल म्हणजे वळू. बॅरो म्हणजे खच्ची केलेला डुक्कर, गिल्ट म्हणजे अजून न व्यालेली डुकरीण. शेळीच्या मादी पिल्लाला 'पाठ' हा सुंदर शब्द आहे, तो वापरा. फेअरमध्ये गाई, मेंढ्या आणि डुकरिणी लोकांसमोर वितात, असं 'मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर' आहे. तिथे 'गाय बाळंत झाली' असं लिहू नका. गाय व्याली.

'ब्लू रिबन'चं 'निळी फीत' करून थांबू नका. अमेरिकेत निळी म्हणजे पहिला क्रमांक, लाल दुसरा, पांढरी तिसरा; शेजारच्या कॅनडात लाल पहिली. मराठी वाचकाला तर 'लाल फीत' म्हटलं की कचेरीच आठवते. त्यात 'फोर-एच' या मुलांच्या संघटनेच्या स्पर्धांना डॅनिश पद्धत लागू असते. तिथे मुलं एकमेकांशी नव्हे, ठरलेल्या मानदंडाशी तोलली जातात. त्यामुळे एका गटात अनेकांना निळी फीत मिळते आणि विजेत्याची जांभळी असते. 'निळी मिळाली म्हणजे पहिला आला' असं छापलंत तर चूक होईल.

'शोमनशिप'ला 'हाताळणी' म्हणा. या फेरीत गुण जनावराला नसतात, ते धरणाऱ्या मुलाला असतात. मांसाच्या गुरांच्या रिंगणात मुलाच्या हातात टोकाला आकडा असलेली लांब काठी असते. त्या आकड्याने तो जनावराचा पाय हवा तिथे सरकवतो आणि काठीने पोट खाजवून त्याला शांत ठेवतो. दावं एका हातात, नजर परीक्षकावर. शेवटी परीक्षक माइकवर क्रमांकांची कारणं सांगतो: याची पाठ सरळ, त्याचा मागचा पाय आखूड पडतो. ही कारणं ऐकण्यासाठी थांबलंच पाहिजे. तासाभरात जनावर पाहायची नजर येते.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादावरूनच नावाचा निकाल लागतो. नुसतं 'जत्रा' वाचलेली मंडळी संध्याकाळी पाचला येतात, पाळण्यात बसतात, खातात आणि परततात. तोवर रिंगणातलं बरंचसं परीक्षण सकाळीच उरकलेलं असतं. 'प्रदर्शन' वाचलेले दोन तासांचा वेळ ठेवून येतात आणि निम्मंही पाहून होत नाही. म्हणून शीर्षकात 'मिनेसोटा स्टेट फेअर' तसंच ठेवा आणि खाली 'बारा दिवसांची कृषिजत्रा' असं लिहा. 'मेळा' नको. तो मराठीत कुंभाला शोभतो, बाकी कानाला हिंदी लागतो.

तारखा दर वर्षी नव्याने शोधायला नकोत. सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, हा शेवटचा दिवस. तो धरून मागे बारा दिवस मोजले की सुरुवातीचा गुरुवार मिळतो. २०२६ मध्ये २७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. फोर-एचची गुरं पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास असतात. रिंगणाचं वेळापत्रक आधी पाहून दिवस ठरवा. शनिवारी गर्दीने पाऊल टाकायला जागा नसते. २०१९ च्या बारा दिवसांत २१ लाखांहून अधिक लोक आले होते. मैदानाजवळ गाडी लावायचा हट्ट धरू नका. शहरात ठिकठिकाणी मोफत वाहनतळ आणि तिथून मोफत बस आहेत.

क्रम असा ठेवा: सकाळी गोठे आणि रिंगण, दुपारच्या उन्हात इमारतींच्या आत, पाळणे शेवटी. दुपारसाठी दोन गोष्टी सांगते. डेअरी इमारतीत काचेच्या फिरत्या थंड खोलीत, ९० पौंडांच्या म्हणजे सुमारे ४१ किलो लोण्याच्या ठोकळ्यातून 'प्रिन्सेस के'चा, म्हणजे राज्याच्या दुग्धव्यवसायाची दूत म्हणून दर वर्षी निवडलेल्या मुलीचा, मुखवटा कोरतात. आत तापमान ४ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे त्यासाठी समोर बसलेली ती मुलगी ऑगस्टमध्येही जाड कोट घालते. शेतीच्या इमारतीत 'क्रॉप आर्ट' आहे, म्हणजे पाटीवर एकेक बी चिकटवून केलेली चित्रं. त्याला 'धान्यचित्र' म्हणता येईल. पण त्यात फुलझाडांचं बीसुद्धा असतं, म्हणून 'बीजचित्र' बरं. जवळ जाऊन पाहिलं तरच दाणे कोणत्या दिशेने मांडलेत ते कळतं.

विचारणा

आभार. चीज कर्ड्सला 'दह्याची भजी' चालेल?

प्रतिसाद

अजिबात नको. भारतीय इंग्रजीत कर्ड म्हणजे दही, तिथे कर्ड म्हणजे दूध फाटून घट्ट झालेला चोथा. चीज कर्ड्स म्हणजे न दाबलेल्या ताज्या चीजचे खडे. ते पिठात बुडवून तळतात. 'चीजच्या खड्यांची भजी' लिहा. शाकाहारी मंडळींसाठी टीप हवी: चीज करताना दूध घट्ट करायला वापरलेलं रेनेट प्राणिज असू शकतं आणि कढईतलं तेल कशाकशाला वापरलं आहे तेही गाळ्यावर विचारावं. 'कॉर्न डॉग' आणि 'प्रोंटो पप' यांत मका दिसला, पीठ दिसलं, तरी आत मांसाचा सॉसेज असतो. पत्रकात हे ठळक छापा. भाजलेलं कणीस मात्र निर्धास्त घ्या; ते वितळलेल्या लोण्यात बुडवूनच देतात, ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी सांगावं.