पावसाळ्यात हेडलाइट 'ऑटो'वर ठेवून मुंबईत गाडी चालवावी का?

मुलुंडकर
माझं मत आधीच सांगतो. जून ते सप्टेंबर मुंबईत हेडलाइट 'ऑटो'वर, म्हणजे उजेड मोजून दिवे लावणाऱ्या सेन्सरवर, सोडू नयेत. हाताने लावावेत, भर दुपारीसुद्धा.

गेल्या जुलैत चारच्या सुमाराला विक्रोळीहून घरी येत होतो. ईस्टर्न एक्सप्रेसवर पावसाची झोड उठलेली. धाकटा भाऊ त्याच्या गाडीतून मागेच होता. त्याच्या बायकोचा माझ्या बायकोला फोन आला, "वहिनी, दादांना मागचे दिवे लावायला सांगा, तुमची गाडीच दिसत नाहीये!" मी बघितलं तर मीटर लख्ख उजळलेला, समोरच्या टँकरच्या ओल्या पाठीवर माझ्या गाडीचा पांढरा उजेड पडलेला. म्हणजे दिवे लागलेत असंच मी धरून चाललो होतो. ते नुसते डीआरएल होते, म्हणजे गाडी चालू असताना दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे. माझ्या गाडीत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत, आणि गाडीचा रंग करडा.

सेन्सर उजेड मोजतो. पावसात दिसेनासं होतं ते अंधारामुळे नाही, चाकांनी उडवलेल्या पाण्यामुळे. ते त्याला कुठून कळणार?

रात्रपाळी_अंधेरी
प्रसंग वाचून अंगावर काटा आला, पण त्यातून काढलेलं अनुमान पटत नाही. माझ्या जुन्या गाडीत ऑटो नव्हतं. रात्री साडेअकराला ड्यूटी संपवून निघाले, आणि वांद्र्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने काच ठोकून सांगितलं, "मॅडम, लाइट बंद आहे." अंधेरीपासून तशीच आले होते! रस्त्यावर एवढे दिवे असतात की आपले बंद आहेत हे जाणवतच नाही. दमलेला माणूस विसरतो, सेन्सर विसरत नाही.

कोस्टल रोडचा बोगदाच घ्या. दोन किलोमीटरहून जास्त लांब. दुपारच्या उन्हातून आत शिरताना किती जण हाताने दिवे लावतात? माझी गाडी माझ्या आधी लावते.

भांडुपचा_वायरमन
वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, म्हणून थोडं आतलं सांगतो.

बऱ्याच गाड्यांत सेन्सर आरशामागे काचेला चिकटवलेला असतो, काहींत डॅशबोर्डवर काचेजवळ काळी टिकली असते. चांगल्या सेन्सरला दोन डोळे असतात. एक वरचा, आभाळाचा उजेड बघणारा. दुसरा समोरचा. फ्लायओव्हरखाली गेलात तर वर अंधार, पण समोर उजेड असतो, म्हणून तो थांबतो. बोगद्यात दोन्हीकडे अंधार, लगेच लावतो. लावायची घाई आणि बंद करायला उशीर, हे मुद्दाम ठेवलेलं आहे. युनोच्या 48 क्रमांकाच्या नियमावलीत उजेड 1,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) खाली गेला की 2 सेकंदांत लो बीम, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, लागायला हवा, आणि 7,000 च्या वर गेला तरी विझवताना 5 ते 300 सेकंद थांबायचं, असं दिलंय. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीने ठरवायचं.

आता तक्रारी. अर्ध्या वेळेला सेन्सर बिघडलेलाच नसतो. काच बदलताना त्याखालच्या जेलच्या पॅडमध्ये हवेचा बुडबुडा राहतो. फास्टॅग नेमका सेन्सरसमोर चिकटवलेला असतो. नाहीतर डॅशबोर्डवरचा गणपती बरोबर त्या टिकलीवर बसवलेला! गणपती दोन बोटं सरकवला की गाडी ठीक. मी आधी हात जोडतो, मग सरकवतो.

रात्रपाळी_अंधेरी
बघा, म्हणजे सेन्सर झाकला गेला तर त्याला रात्र वाटते आणि तो दिवे लावूनच ठेवतो. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. माणसाची चूक नेमकी उलट्या बाजूला होते.

मुलुंडकर
ताई, झाकला गेला तर तुमचं बरोबर. पण वायरमनदादांनी सांगितलेला मधला पट्टा बघा, 1,000 ते 7,000 लक्स. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात. जुलैतली चार वाजताची पावसाळी दुपार या मधल्या पट्ट्यात सहज बसते, आणि तिथे दिवा लावायची सक्तीच नाही. म्हणजे माझ्या गाडीचा सेन्सर चुकला नव्हता, नेमून दिलेलं काम करत होता. मला भीती त्याचीच वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूर्यास्तानंतरच्या वेळेबरोबर 'पुरेसा उजेड नसेल तेव्हा' असंही आहे. तो 'पुरेसा' चालवणाऱ्यानेच ठरवायचा.

कळवेकर
मग दोन्ही नकोत. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू, बटणच नाही. तेव्हा लोक ओरडले, आता कुणाला आठवतही नाही. मोटारींनाही तेच करा, मागच्या लाल दिव्यांसकट.

मुलुंडकर
याला माझा पूर्ण पाठिंबा.

रात्रपाळी_अंधेरी
मागच्या दिव्यांसाठी माझाही. पण हेडलाइट कायम चालू म्हटल्यावर लोक अप्परवरच (हाय बीमवर) ठेवतील. आत्ताच समोरून येणारे डिपर दिला तरी खाली करत नाहीत.

भांडुपचा_वायरमन
अप्परवरून आठवलं. कॅमेऱ्यावर चालणारा ऑटो हाय बीम शहरात वापरू नका. तो समोरच्या गाड्यांचे दिवे ओळखून अप्पर खाली करतो. बिनदिव्याची सायकल, हातगाडी, रस्ता ओलांडणारी म्हातारी यांच्याजवळ ओळखायला दिवाच नाही. आरेच्या रस्त्यावर त्यांचे डोळे दिपवून तुम्ही पुढे निघून जाता.

मुलुंडकर, बऱ्याच गाड्यांत वायपर काही वेळ सलग चालले की हेडलाइट आपोआप लागतात. तुमच्या गाडीत ती सोय आहे का? भर पावसात, गाडी उभी करून बघा.

मुलुंडकर
काल संध्याकाळी पाचला सर आली तेव्हा सोसायटीतच बघितलं. 'ऑटो'वर ठेवून दहा मिनिटं वायपर चालवले. मुलगा छत्री घेऊन मागे उभा होता. शेवटपर्यंत ओरडून सांगत होता, "नाही लागले, बाबा." मी हाताने लावले, तेव्हा त्याने अंगठा दाखवला.